छाटणीत गेलेलं वर्ष

हे बाहेर सांगायचं नाही असं आत्यानं मला बजावलंय, तरी लिहिते. दिवाळीनंतर बाबांनी अंगणातला हायड्रेंजिया छाटला आणि आमचं गेलं वर्ष रद्द झालं.

पाचगणीत त्या सुमारास गुलाब छाटतात. त्याच हातानं बाबांनी हायड्रेंजियाच्या काड्याही कापल्या. आमचा झालरीचा आहे. मधे मोहरीएवढ्या कळ्या आणि भोवती मोठ्या निळ्या फुलांचं कडं. थंडीला तो दाद देत नाही, पण त्याला फूल येतं ते गेल्या वर्षीच्या काडीवर. नर्सरीतले धोंडूकाका कापलेला ढीग बघून म्हणाले, "काडी गेली म्हणजे वर्ष गेलं. बुंध्याशी पालापाचोळा घाला, पुढचं येईल."

शाल्मलीआत्या छाटणीच्या दुसऱ्या सकाळी साताऱ्याला, सासरी, जागी व्हायला हवी होती. ती आमच्याकडे, तिच्या जुन्या खोलीत जागी झाली. गळा चाचपला तर मंगळसूत्र नव्हतं. तिला सगळं आठवत होतं, सगळ्यांनाच आठवत होतं. फक्त ते झालेलं नव्हतं.

"दादा, माझं लग्न?"

"मार्गशीर्षातलं ना? ते गेलं गं छाटणीत. मला वाटलं, वाळक्याच काड्या आहेत."

"निदान विचारायचंस तरी!"

"गुलाब छाटताना कधी विचारलंय तुला?"

रडावं की न्हायला जावं, ते आत्याला कळेना. शेवटी ती न्हायला गेली.

चौथ्या दिवशी हेरंबकाका, म्हणजे आत्याचा गेल्या वर्षीचा नवरा, त्यांच्या आईला घेऊन आले. लग्न पुन्हा व्हायचं, तर आधी रीतसर बघण्याचा कार्यक्रम हवा. आत्यानं पोह्यांच्या बशा ठेवल्या.

"नाव काय मुलीचं?" त्यांच्या आईनं विचारलं. अकरा महिने त्या हे नाव घरभर ओरडत होत्या.

"शाल्मली."

"स्वयंपाक येतो का?"

"माझी आमटी तुम्हाला आवडत नाही."

"ते गेल्या वर्षीचं झालं. ते धरू नकोस."

मग रीतीप्रमाणे दोघांना अंगणात बोलायला पाठवलं. ओळखीच्या माणसाला पहिल्या भेटीत काय विचारायचं, ते आत्याला सुचेना. खुंटांकडे बघत ती म्हणाली, "जुलैत मी तापानं फणफणले होते. तीन दिवस तुम्ही खोलीत डोकावला नाहीत. का?"

हेरंबकाकांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "पण ते आता झालंच नाही की!"

"मग आपलं लग्नही झालेलं नाही."

"नाही. म्हणून तर आलोय."

"मग माझा नकार आहे," आत्या म्हणाली. "पोहे मात्र खाऊन जा."

काकांनी आत येऊन आईला सांगितलं, "मुलगी नाही म्हणतेय."

"अशी कशी? अकरा महिने नांदलीये ती आपल्याकडे!"

"नाही नांदलेली, आई."

त्यांनी पोहे संपवले, नमस्कार केला आणि ते पाचच्या एसटीनं गेले.

बुंध्यातून आता तीन हिरवे कोंब आलेत. यंदा जे होईल ते याच काड्यांवर धरणार, असं आत्या म्हणते. म्हणून ती स्कूटर शिकतेय. काल बाजारापर्यंत एकटी गेली, आणि परत येताना टेबललँडच्या चढावर तिनं चक्क… थांबा, आई हाक मारतेय.

आले गं आई, आले!