दाजींचं लँडिंग

आमचे दाजी स्कूटर सरळ घरात आणत नाहीत. आधी घराभोवती एक घिरटी घालतात. अक्काच्या वाळत घातलेल्या साड्या कोणत्या अंगाला फडफडतायत ते बघतात, वारा ठरवतात आणि वाऱ्याला तोंड करून आत शिरता येईल असं फाटक निवडतात. घराला फाटकं दोन, एक पुढं आणि एक परसात. एकदा अक्कानं कपडे लवकर काढून घेतले होते. दाजी भाजीची पिशवी हँडलला लावून घिरट्याच घालत बसले. शेवटी अक्का अंगणात येऊन ओरडली, "मी हितं उभी ऱ्हाते, माझ्या पदराकडं बघा आन उतरा एकदाचे!" दाजींनी पदर बघितला, मान हलवली आणि परसातून आले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, वैजनाथराव. वडवणीत त्यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. मी शेजारीच राहतो. माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळं निम्म्या गावाची ॲसिडिटी मला तोंडपाठ. पण दाजींच्या रोगावर माझ्या दुकानात गोळी नाही. कॉम्प्युटरवर जुन्या महायुद्धातली लढाऊ विमानं उडवायची, हा तो रोग. माणूस आजवर खऱ्या विमानाच्या पायरीवरसुद्धा चढलेला नाही, पण बोलायला लागला की वाटावं, आत्ताच शत्रूची दोन विमानं पाडून आंघोळीला आलाय.

मी एकदा चुकून त्याला गेम म्हणालो. दाजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"गेम पोरं खेळतात. ही सिम हाय, सिम्युलेटर."

"फरक काय पण?"

"गेममधी बटन दाबलं की विमान उडतं. सिममधी इंजन तापवा, तेलाचा दाब बघा, शेपटीचं चाक सरळ करा. आन येवढं करून बी उडत न्हाई."

"मग त्यात मजा कसली, दाजी?"

"तीच तर मजा हाय ना बे!"

मी माझा चहा संपवला.

विमानाची बैठक म्हणून दाजींनी मंडपाच्या मालातली नवरदेवाची खुर्ची उचलली होती. लाल मखमल, पाठीला सोनेरी मोर, हाताला सिंहाची तोंडं. त्यातल्या उजव्या सिंहाच्या डोक्यावर शिकंजा लावून विमान वळवायचा दांडा आवळलेला. पायांनी दाबायला दोन पाट, त्यांना दाराच्या बिजागऱ्या आणि मोपेडच्या स्प्रिंगा. समोर टेबलफॅन, तो कशाला तर विमान वर गेलं की वारा लागायला पाहिजे. लग्नसराईत एकदा गड्यांनी ती खुर्ची दांड्यासकट टेंपोत घातली आणि सिरसाळ्याच्या एका लग्नात नेऊन मांडली. नवरदेव बिचारा अक्षता पडेपर्यंत दांडा मुठीत धरून बसला. फोटोवाला म्हणाला, "धरून ठिवा, लई भारी दिसायलंय." वर नवरीकडच्यांची तक्रार आली, की पोरीच्या खुर्चीला का नाही असलं काही? भेदभाव कावून?

दाजींचे शत्रू खूप होते, पण त्यांतला एकही विमानातून यायचा नाही. पहिली शत्रू लाईट. ऐन हवाई लढाईत लाईट जायची आणि दाजी अंधारात तसेच दांडा धरून बसायचे. इन्व्हर्टर घेतला, तर दुसरी शत्रू अक्का. तिनं मिक्सर लावला की इन्व्हर्टर धाप टाकायचा. एका रविवारी दाजी धावपट्टीच्या तोंडाशी आले आणि अक्कानं शेंगदाण्याचं कूट काढायला घेतलं. विमान गेलं समुद्रात.

"आगं, थांबायचं होतंस की जरा!"

"शेंगदाण्याच्या कुटानं पडतंय तुमचं इमान. त्ये काय युद्ध जिकणार?" अक्का म्हणाली, आणि तिनं उरलेले दाणेही वाटून घेतले.

ह्या छंदातली माणसं एकटी उडत नाहीत. दाजींचं एक पथक होतं, घार पथक. सात-आठ जण, गावोगाव विखुरलेले. रविवारी दुपारी जेवणं झाली की सगळे आपापल्या घरी हेडफोन लावून बसायचे आणि एकत्र उडायचे. खरं तर उडायचे कमी आणि भांडायचे जास्त. टेकऑफला विमान डावीकडं का ओढतं, उतरताना पंखांचे फ्लॅप अर्धे सोडायचे की पुरे, विमानाच्या पंख्याचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, असले विषय. मी एकदा मोजून एक तास ऐकलं आणि माझंच डोकं दुखायला लागलं. दुकानातली गोळी स्वतःच घेतली.

दाजींचा खास भांडणदोस्त नांदेडचा. सलीमभाई. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको वारलेली, लेकी आपापल्या घरी. दोघांची कित्येक वर्षांची दोस्ती आणि तितकंच जुनं फ्लॅपचं भांडण, पण एकमेकांना समोरासमोर पाहिलेलं नाही. "येतो एकदा नांदेडला" आणि "आताव मैं भी वडवणीकू" एवढ्यावरच सगळं थांबलेलं.

दाजींचा गोळीबारात जीव नव्हता. "गोळ्या काय, कोनी बी झाडतंय. मानूस कळतो त्यो उतरताना," असं ते म्हणायचे. त्यांचं विमान धावपट्टीवर असं टेकायचं, की टेकलं कधी हे कळायचंच नाही. पथकात त्यांना मान होता तो त्याचाच. आणि पथकाचा सगळ्यात कडक नियमही त्यांनीच घातलेला. सलग तीन रविवार ज्याची चाकं मोडतील, त्यानं पथकातून बाहेर बसायचं. नुसतं बघायचं, उडायचं नाही. आणि कुणी विमानावर खापर फोडलं, की दाजी फाडकन म्हणायचे, "यंत्राला नावं ठिवू नका. हात सुधरा."

अशात त्या सिमचा नवा अपडेट आला. तो माझ्या मोबाईलच्या नेटवर उतरवून घेतला. माझा महिन्याचा डेटा गेला तो गेलाच, वर "तुझं नेट मंद हाय" हे ऐकून घ्यावं लागलं. अपडेटनंतरच्या पहिल्या रविवारी सलीमभाईंचं विमान उतरताना झोकांडलं आणि चाकं मोडली. पुण्याचा एक इंजिनियर पोरगा, केतन, पथकात होता. हुशार, पण जिभेला हाड नाही. तो म्हणाला, "काका, चष्मा बदला आता." सगळे हसले. मग दाजी उतरायला आले.

दाजी पडले. धावपट्टीच्या कडेला नाक खुपसून, शेपटी वर.

दाजींनीच सुरुवात केली. "अपडेटनं वाट लावली! चाकाच्या रबरातली हवा कमी केलीय ह्या लोकांनी!"

यंत्राला नावं ठेवू नका म्हणणारा माणूस हा. मला वाटलं, धक्क्यानं बोलतायत. पण दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. सलीमभाई पडले, पाठोपाठ दाजी पडले. केतननं सगळं तपासून सांगितलं, की अपडेटमध्ये चाकाला हातही लावलेला नाही, बाकी सगळे नीट उतरतायत. त्यावर आठवडाभर ग्रुपवर जे महाभारत झालं ते विचारू नका. स्प्रिंगचा ताण, धावपट्टीचा चढ, हवेतला दमटपणा. दाजींनी आयुष्यात शिकलेली सगळी शास्त्रं पणाला लावली, आणि न शिकलेलीसुद्धा. केतननं शेवटी लिहिलं, "नियम तुमचाच आहे काका. यंत्राचा दोष सिद्ध झाला तर माफ. नाहीतर येत्या रविवारी चाकं मोडली की दोघंही बाहेर."

ज्या माणसानं पथक उभं केलं त्यालाच बाहेर बसवणार? आणि हा बाबा तरी किती हट्टी! हात चुकतोय म्हणून कबूल केलं, चार दिवस सराव केला, तर काय बिघडतंय? शनिवारी दुपारी दुकान पोराच्या भरवशावर टाकून मी त्यांना चांगलं झापायचं ठरवून गेलो.

दार उघडंच होतं. दाजी माझ्याकडं पाठ करून, कानाला हेडफोन लावून मखमली खुर्चीत बसलेले. पडद्यावर धावपट्टी जवळ येत होती. विमान आलं, टेकलं, पळालं, थांबलं. नेहमीसारखं, कळायचंसुद्धा नाही असं. दाजींनी पुन्हा उडवलं, पुन्हा उतरवलं. तसंच अलगद. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. तिसऱ्या वेळेला मात्र अगदी शेवटाला त्यांनी डावा पाट दाबला आणि विमान कोलमडलं. दाजी स्वतःशीच पुटपुटले, "ह्ये लई मुद्दाम वाटायलंय." आणि पुन्हा पाडून बघितलं.

मी त्यांच्या कानावरचा हेडफोनच ओढला. "दाजी! हे काय चाललंय?"

ते दचकले. मग दार लावून आले आणि खाली बघत बोलायला लागले.

"सलीमभाईचा हात कापायलाय. अपडेटचं काय बी न्हाई त्यात. दिवाळीपासून बघायलोय मी. बाजूला उडायला लागला की पंख थरथरतो त्याचा. येवढी वर्षं शेजारी उडतोय, मला कळत न्हाई व्हय?"

"मग सांगा की त्यांना तसं."

"काय सांगू? चित्रकलेचा मास्तर हाय तो. त्याला मी हाताचं काय सांगू?" दाजी पुन्हा खुर्चीत बसले. "एकटा पडला तर हात गेला म्हनतील. दोघं पडलो तर अपडेट. आन त्यातला एक मी असलो, तर मग अपडेटच!"

"आणि दोघांनाही बाहेर बसवलं तर?"

"तर बसू दोघं. त्यो एकटा बसाया नको. रविवार सोडला तर त्याच्याशी बोलायला कोन हाय रे?" मग म्हणाले, "मला तरी कोन हाय? तुझी अक्का हाय, पन तिचं फकस्त ऐकायचं असतं."

मी झापायला गेलो होतो. झापणं राहिलं बाजूला, नाकातून पाणी यायला लागलं. मी म्हणालो, "डाव्या पाटाऐवजी शेवटाला वेग जरा कमी ठेवून बघा. नॅचरल वाटेल." दाजींनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू मेहुणा आजच कामाला आला.

रविवारी अक्कानं मिक्सरची पिन काढून ठेवली. मी स्टूल घेऊन शेजारी बसलो. मला ऐकू यावं म्हणून दाजींनी आवाज स्पीकरवर घेतला होता. एकेक जण उतरला. सलीमभाई आले. विमान डुललं, सावरलं, पुन्हा डुललं. चाकं मोडली.

मग दाजी आले. एवढं सुंदर पडणं मी जन्मात पाहिलेलं नाही. आले झोकात, टेकता टेकता एक पंख खचला आणि विमान गवतात जाऊन निजलं. मलासुद्धा क्षणभर खरंच वाटलं.

"बघितलंस ना केतन? बघितलंस?" दाजी ओरडले.

पलीकडून केतनच्या माऊसची टकटक ऐकू आली. मग म्हणाला, "काका, तुम्ही असे पडता म्हणजे अपडेटमध्ये काहीतरी असणारच. मला सापडत नाहीये एवढंच. नियम थांबवू या." एकेक करून सगळे निरोप घेऊन गेले. दाजींनी घाम पुसला आणि मला डोळा मारला.

सलीमभाई गेले नव्हते.

"वैजूभाई, एक इचारू? गुस्सा नक्को करो."

"इचारा की."

"तुमचा हात कापायलाय का?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं.

"मला समजलं, भाई. अपडेट-बिपडेट काही नाही. माझा बी कापतो. दिवाळीपासून. ब्रश धरवत नाही, चहा सांडतो. किसीकू बोला नहीं, लेकींना बी नाही. डॉक्टरकडं जायची डर लगती. अकेलेकू क्या क्या बोलेंगे ते." पलीकडं सलीमभाई खाकरले. "पण तुमी पडायला लागले ना, तवा वाटलं, चला, भाईलाबी तेच झालंय. मग धीर आला जरा. तुमी येता का नांदेडला? दोघं मिळून दाखवू."

दाजींनी स्वतःचा उजवा हात सिंहाच्या डोक्यावरून उचलला, डोळ्यांपुढं धरला. दगडासारखा स्थिर होता तो. फ्लॅपच्या भांडणात ज्यानं इतक्या वर्षांत एक शब्द मागं घेतला नाही, तो माणूस म्हणाला, "व्हय, सलीमभाई. माझा बी कापतो. सकाळच्या गाडीनंच येतो."

सकाळी मी त्यांना सोडायला स्टँडवर गेलो. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आलेले आणि कमालीचे घाबरलेले. मी सांगितलं, बऱ्याचदा गोळ्यांनी फरक पडतो, वेळेत दाखवतायत हे चांगलंच झालं. पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"बे, तू औषधवाला हायेस. हात कापतो म्हंजे नेमका कसा कापतो, दाखव की जरा."

भर स्टँडवर मी हात कापवून दाखवला. दाजींनी तसा करून बघितला. पानटपरीवाला आमच्याकडं टक लावून बघत होता.

"लई झालं का?"

"थोडा कमी करा."

"आता?"

"आता बरोबर."

गाडी लागली. दाजींनी खिडकीची जागा पकडली आणि गाडी हलताना हात बाहेर काढला. तो हात मला निरोप देत होता की सराव करत होता, काही कळलं नाही. डोळ्यांत पाणी आल्यामुळं मला नीट दिसलंच नाही. मीही आपला हात हलवत राहिलो.