बिजागऱ्यांचा फळा

“उद्यापासून या गावात अज्ञानाला थारा नाही,” निवृत्त हेडक्लार्कांनी बंद पडलेल्या गोदामाच्या पायरीवरून जाहीर केलं. समोर वीटभट्टीवरच्या मजुरांची एकोणीस मुलं आणि एक शेळी होती. भाषणाचं दुसरं पान शेळीने खाल्लं, त्यामुळे समारंभ आटोपशीर झाला.

शाळेत तसं सगळं होतं. फक्त फळा, बाकं आणि पुस्तकं नव्हती. फळ्यासाठी हेडक्लार्कांनी सुताराकडून गोदामाचं दार उतरवून घेतलं आणि त्याला काळा रंग फासला. अक्षरं झकास उमटली. मात्र दार गेल्यापासून शेळी नेमाने हजर राहू लागली आणि चार दिवसांत तिने रात्री शाळेत राहिलेल्या दोघांच्या वह्या संपवल्या. मग सुताराने बिजागऱ्यांत सहज निघतील असे खिळे बसवले. शिकवताना फळा भिंतीला, शाळा सुटली की तोच चौकटीला.

“चाळीस वर्षं फायली इकडच्या तिकडे केल्यात, आता दार करताय,” बायको म्हणाली. “बढतीच म्हणायची.”

एवढ्यात तपासणीचं पत्र आलं. मान्यता नसेल तर सोमवारपासून पोरं विटा वाहायला परत, असं भट्टीवाल्याने बजावूनच ठेवलं होतं. आणि मान्यतेसाठी दार हवं होतं, फळाही हवा होता. हेडक्लार्क डगमगले नाहीत. खूण केलेल्या रकान्याकडे अधिकारी पुन्हा बघत नाही, हे त्यांना स्वानुभवाने ठाऊक होतं.

तपासणी अधिकारी आले तेव्हा दार चौकटीत होतं. काळं कुळकुळीत दार त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. छापील तक्त्यात रंगाचा रकाना नव्हता. त्यांनी ‘दार’पुढे खूण केली. बायकोने त्यांना चहाला मागच्या अंगणात नेलं, सुताराने खिळे उपसले. साहेब परतले तर भिंतीला फळा. तिथेही खूण झाली. आणि मोकळ्या चौकटीतून शेळी आत आली.

“ही पटावर आहे?”

“नाही साहेब, पालकांबरोबर येते.”

साहेबांनी पहिल्या रांगेतल्या मुलीला विचारलं, फळा कशासाठी असतो? ती उठली, हात जोडून सरळ उभी राहिली आणि जे रोज बघत होती ते तिने सांगितलं.

“शेळी अडवायला.”

सुताराला अचानक घरचं काम आठवलं. साहेब फळ्याजवळ गेले. बिजागऱ्यांवरून त्यांनी सावकाश बोट फिरवलं, मोकळ्या चौकटीकडे बघितलं, पुन्हा फळ्याकडे बघितलं. सहीची जागा अजून कोरीच होती आणि एकोणीस मुलं साहेबांच्या हातातल्या पेनाकडे बघत होती.

साहेबांनी हेडक्लार्कांना कोपऱ्यात घेतलं.

“मान्यता देतो,” ते हळूच म्हणाले. “पण आमच्या कचेरीचं दार वाळवीनं खाल्लंय हो. दोन वर्षं मागणी करतोय, वरून नुसती पत्रं येतात. नवं येईपर्यंत हा फळा नेऊ का?”