गप्प बशी बोलली

बशीतल्या पेशी काही कारण नसताना बोंबलत होत्या, आणि ताईंचा संशय थेट शेजारच्या टेबलावर गेला.

प्रयोगशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत. त्यांचं संशोधन रक्तातल्या पहारेकरी पेशींवर. या पेशींत एक प्रथिन बांधून ठेवलेलं असतं. जंतूंची चाहूल लागली की ते सुटतं, केंद्रकात शिरतं आणि सायटोकाईन या निरोप्या रसायनाचं जनुक चालू करतं. मग पेशी अंगभर दवंडी पिटते. ताईंच्या एका बशीत जंतूंचा अर्क होता, दुसरीत नुसतं पोषणद्रव. दुसरीनं गप्प बसायचं होतं. तिनंही दवंडी पिटली.

"बिनसलं का काही, ताई?" शेजारच्या हसऱ्यानं विचारलं. हे नाव ताईंनी मनातच ठेवलेलं. पठ्ठ्या उगाच हसायचा. आज हसत नव्हता. म्हणजे नक्की पाणी मुरतंय!

ताईंनी पोषणद्रवाची बाटली फ्रिजमधून काढली, ओळखू येऊ नये म्हणून खाकी कागदात गुंडाळली आणि स्वतःच्या खणात कुलूपबंद केली. दुसऱ्या दिवशी गप्प बशी दुप्पट ओरडली. ताईंनी खणाच्या फटीवर दोरा चिकटवला. तिसऱ्या दिवशी दोरा शाबूत, ओरडा चौपट!

"किल्लीचा ठसा घेतलाय त्यानं, दोराही परत तस्साच चिकटवलाय," त्या विभागप्रमुख बाईंना म्हणाल्या. "माझा शोधनिबंध बुडवायचाय मेल्याला!"

बाईंनी खण उघडायला लावला, कागद सोडला. आतलं द्रव साबणाच्या पाण्यासारखं गढूळ.

"अगं, हे फ्रिज सोडून इथं? खालून यंत्राची गरम हवा येतेय. जंतूंचं गोकुळ नांदतंय यात! पेशींनी खरं तेच सांगितलं. आता त्या बिचाऱ्याची माफी माग. लेखी."

ताईंनी मान खाली घालून माफीपत्र लिहिलं, सही केली. हसऱ्यानं ते दोनदा वाचलं, नीट घडी करून खिशात घातलं आणि मगच घसा खाकरला.

"ताई, एक सांगायचं होतं. सगळ्यात आधी माझीच पिपेट तुमच्या बाटलीत बुडाली. जंतूंच्या अर्काची. चुकून हो! सांगणारच होतो, पण तुम्ही असं काही बघितलंत की जीभच उचलेना."

ताईंनी झटकन हात पुढे केला.

"आण ते पत्र इकडे!"

"राहू द्या ना, ताई," तो खिसा दाबत म्हणाला. "तुमच्याकडून माफी, तीही सहीनिशी! घरी दाखवल्याशिवाय कुणाला पटायचं नाही."