नाना टिपणीस आणि जज्जसाहेबांच्या वह्या

जज्जसाहेबांचे कागद पाहायला येणाऱ्या प्रत्येकाला नाना टिपणीस दारातच विचारत, "वादी की प्रतिवादी?"

मी म्हणालो, "मी शाळामास्तर आहे."

"ते दिसतंय. कोणाकडून आलात?"

नाना म्हणजे साहेबांचे शिरस्तेदार. ठाण्याच्या कोर्टात सगळी नोकरी त्यांच्या हाताखाली काढलेली. साहेबांनी मरण्यापूर्वी लिहून ठेवलं होतं, की माझ्या वह्या टिपणिसांनी सांभाळाव्यात आणि मागेल त्याला दाखवाव्यात. साहेबांचा हुकूम मोडणं नानांना शक्य नव्हतं. म्हणून कोणी मागूच नये, अशी तजवीज ते करत.

साहेबांच्या बंगल्याच्या मागच्या खोलीत त्यांची बैठक. दौत बाहेर, छत्री बाहेर. एका वकिलाचा तर कोटही त्यांनी खुंटीला लावला. खिशात ब्लेड असलं तर? मला ठाण्याच्या तळ्यांवर शाळेच्या अंकात लिहायचं होतं. वही देताना नानांनी पानं मोजली, घेताना मोजली आणि मध्ये मी शिंकलो तेव्हाही मोजली.

"एवढा संशय, नाना?"

"साहेब न्याय द्यायचे. संशयाचं खातं माझ्याकडे होतं."

पुढे मलाच त्यांचा संशय यायला लागला. तळ्यांवरून मी मिठागरांकडे वळलो होतो; कोलशेतच्या मिठागराच्या खटल्याची वही मागितली की ते म्हणत, "बांधणीला गेलीय." वही समोरच्या कपाटात मला दिसत असे. नक्की काहीतरी दडवताहेत, असं मी धरून चाललो. मी मिठागराच्या मालकाचा माणूस, असं त्यांनी धरलं होतं.

एका दुपारी मी तिथे वाचत बसलो असताना कोलशेतहून हिराबाई आली. नानांनी नेहमीचा प्रश्न टाकला.

"मी धर्माची बायको," ती म्हणाली.

मिठाचं कोठार जाळल्याबद्दल धर्माला शिक्षा झाली होती. तो तुरुंगातच वारला. त्याच्यामागून आणखी चौघे पकडले गेले आणि नावं धर्मानंच फोडली, असं गावानं ठरवून टाकलं. सुटून आल्यावरही ते चौघे हिराबाईशी बोलत नव्हते. गावही नाही.

"मना येवढाच सांगा, त्यानी नावा सांगली का नाय?"

नाना उठले. समोरच्या कपाटातून त्यांनी ती 'बांधणीला गेलेली' वही काढली आणि साहेबांचं इंग्रजी मराठीत करून वाचलं, "आरोपीस तीन वेळा विचारले. शिक्षेत सवलत देऊ म्हटले. त्याने कोणाचेही नाव घेतले नाही."

हिराबाई त्यांच्याकडे रोखून बघत राहिली. "तुमी सायबाचं मानूस. खरा वाचलाव कशावरून?"

नानांवर असा संशय आजवर कोणी घेतला नसावा. ते गोरेमोरे झाले. "मास्तर, तुम्ही वाचा."

मी वाचलं. तेच होतं.

तिनं पदरानं डोळे पुसले. "मना पटून काय उपेग? गावाला पटाया पायजे."

पुढच्या रविवारी नाना काळा कोट चढवून, वही धडप्यात गुंडाळून कोलशेतला निघाले. मला साक्षीदार म्हणून घेतलं. देवळापुढे माणसं जमली होती. नानांनी आधी इंग्रजी वाचलं, मग मराठी. मग मी वाचलं. मग त्यांनी साहेबांची सही सगळ्यांपुढे फिरवून दाखवली.

त्या चौघांतला एक म्हातारा उठला आणि हिराबाईपुढे हात जोडून म्हणाला, "वयनी, चुकला आमचा."

ती आम्हाला घरी घेऊन गेली. ओटीवर घोंगडी टाकली, चहा ठेवला. शेजारच्या बायका एकेक करून दारात येऊन उभ्या राहिल्या.

चहा झाला. मी चपला घातल्या. "चला नाना, बस चुकेल."

नाना भिंतीला टेकले होते. कोटाची बटणं काढलेली.

"तुम्ही व्हा पुढे, मास्तर," ते हळूच म्हणाले. "साहेब गेल्यापासून मला कोणी बसा म्हटलं नव्हतं."