हिरड्यांचा अबोला

या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. मी स्वतः तिथे नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. पण नसलेल्या माणसाला जरा जास्तच स्पष्ट दिसतं.

तर एका घड्याळजीने दुकानासाठी डझनभर टूथब्रश आणले. पाकिटावर ‘एक्स्ट्रा हार्ड’. भिंतीवरच्या घड्याळांची पितळी चाकं त्यांनी अशी लखलखली, की त्याला वाटलं, पितळाचं एवढं भलं होतंय, तर दातांनी काय पाप केलंय? दोन ब्रश घरी आले. एक त्याचा, एक बायकोचा. (तिला विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर ही गोष्टच झाली नसती.)

आठवड्याभरात घड्याळजीच्या हिरड्या टम्म सुजल्या. चूळ भरली की पाणी गुलाबी. तोंड उघडलं की कळ. पण अक्कल स्वतःचीच, सांगणार कुणाला? तो गप्प बसला.

पण बायकोही गप्प! हे मात्र गंभीर होतं. ती शाळेत शिकवते. तिने हजेरी घेतली की दोन गल्ल्या पलीकडची माणसं ‘हजर’ म्हणतात. अशी बाई घरात नुसतं ‘हं’ म्हणू लागली. शाळेत तर तिने पाच दिवसांत चार लेखी परीक्षा घेतल्या.

अबोला! घड्याळजीने दिवस मोजले. बावीस वर्षांत एवढा लांबला नव्हता. पण कशाबद्दल? त्याने आपले सगळे गुन्हे आठवायला घेतले. यादी वाढत गेली, तसा तो आणखीच गप्प झाला.

शेवटी तिने भाजलेल्या शेंगदाण्यांची बशी मध्ये ठेवली. त्यांच्या घरातलं हे तहाचं निशाण. एका बशीतून दोघांनी खायचं, बशी रिकामी झाली की भांडण मिटलं.

“घ्या.”

“तू घे आधी.”

“मला नको.”

“मग मलाही नको.”

बशी भरलेलीच उचलली गेली. त्या दिवशी दुकानातली सगळी घड्याळं बंद पडली. (बरं, एक. तेही दुरुस्तीला आलेलं.)

शनिवारी “गिऱ्हाईकाकडे जाऊन येतो” असं पुटपुटून तो दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत जाऊन पडला.

“काका, दात घासता की रंधा मारता?”

“मनापासून घासतो.”

“मन राहू द्या, हात हलका करा. ब्रश मऊ घ्या. हिरडीच्या कडेला थर बसतो, त्यानेही हिरड्या दुखतात. तो हळूच, गोल गोल फिरवून काढायचा. फटींतून दोरा फिरवायचा. आणि रक्त आलं म्हणून घासणं सोडायचं नाही. काम काय करता?”

“घड्याळं दुरुस्त करतो.”

“त्यातली केसाएवढी स्प्रिंग कशी साफ करता?”

“श्वास रोखून. नुसता स्पर्श.”

“मग हिरड्यांनीच काय घोडं मारलंय?”

ओशाळून तो बाहेर आला. बाकावर एक बाई उलटं मासिक वाचत होती. पायांत ओळखीच्या चपला.

“अगं, तू? शाळेत मीटिंग होती ना?”

“आणि तुमचं गिऱ्हाईक?”

“हिरड्या,” दोघं एकदम म्हणाली.

“म्हणजे तू रागावली नव्हतीस?”

“मी? मला वाटलं, तुम्हीच! म्हटलं, माझं काय चुकलं? सगळं आठवून पाहिलं.”

“काही सापडलं?”

“काही नाही.”

(त्याची यादी तोवर पंचावन्नवर गेली होती.)

“माझंच चुकलं,” घड्याळजी धीरगंभीर आवाजात म्हणाला.

ती हसली, आणि हसताना कळ आली म्हणून गाल धरून बसली. त्याने तो हात हळूच बाजूला केला, स्प्रिंग उचलावी तसा, आणि तिच्या गालावर आपला तळवा ठेवला. दोन मऊ ब्रश घेऊन दोघं घरी आली. पंधरा दिवसांनी बशी रिकामी झाली.

आता कबुली. मी तिथे नव्हतो, हे खोटं. दुकान माझंच आहे. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहून बायकोला वाचायला दिलं. तिने लाल पेनाने एकच वाक्य खोडलं: ‘माझंच चुकलं’. शेजारी समासात शेरा मारला:

‘असं कुणी म्हटलेलं नाही. मी अजून वाट पाहतेय.’