मागच्या गल्लीतला बर्गर

नुकसानभरपाई कशी वसूल करायची हे शिकायचं असेल तर माझ्याकडे या! एका धुण्यात आटलेला शर्ट असो नाहीतर कान तुटलेला कप असो, मी दुकानात असा काही ठाण मांडून उभा राहतो की दुकानदार पैसे हातावर ठेवतो आणि वर 'पुन्हा येऊ नका' म्हणून हात जोडतो. त्यामुळे जेवण पोचवणाऱ्या स्कूटरची आणि माझ्या गाडीची टक्कर झाली, तेव्हा घरात पाऊल टाकतानाच मी जाहीर केलं, "सोडतो की काय त्यांना! पै न् पै वसूल करतो!"

हे मी बोलायला नको होतं.

खरी हकिकत तुम्हाला म्हणून सांगतो. डॉक्टरांनी माझे रक्ताचे रिपोर्ट बघून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि माझं तळलेलं, चीजचं सगळं बंद करून टाकलं. बायको म्हणाली, "तुम्ही एकटे कशाला सोसता? मी पण सोडते." आणि सोडलं हो तिने! स्वतःच्या वाढदिवसाचा केक शेजाऱ्यांना वाटला आणि आपण काकडी खाल्ली.

अशा बाईचा नवरा त्या संध्याकाळी इमारतीच्या मागच्या गल्लीत, कचऱ्याच्या डब्यांपाशी गाडीत दबा धरून बसला होता. कशासाठी? डबल चीज बर्गरसाठी! मागवायचं अ‍ॅप बायकोनेच सॅलडसाठी म्हणून माझ्या फोनमध्ये घालून दिलं होतं. त्यात पत्ता घरचा होता, म्हणून मी डिलिव्हरीवाल्या बाईंना फोनवर कुजबुजून मागे बोलावलं. त्या आल्या, गाडीच्या मागे स्कूटर लावून उतरल्या, आणि तेवढ्यात समोरून कचऱ्याची पिशवी घेऊन बायको येताना दिसली! ती बायको नव्हती, तळमजल्यावरचे काका होते. पण हे कळेपर्यंत मी रिव्हर्स टाकला होता. बाई बाजूला होत्या म्हणून वाचल्या. स्कूटर आडवी झाली, माझ्या गाडीचा मागचा दिवा फुटला आणि बर्गर चाकाखाली गेला.

"मागून ठोकलं?" बायकोने विचारलं.

"मागूनच!" मी म्हणालो. म्हटलं, दोन दिवसांत विसरेल.

पण माझी बायको शाळेत गणित शिकवते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यापुढे कोरा कागद ठेवला.

"आकृती काढा. गाडी कुठे, स्कूटर कुठे, बाण दाखवा."

मी डबे फार छान काढले.

"पण मागच्या गल्लीत गेलात कशाला?"

"पुढे जागा नव्हती."

"आपली जागा राखीव आहे."

"कोणीतरी गाडी लावली होती. पाहुणे होते."

"कोणाचे?"

"अगं, पाहुण्यांना काय विचारायचं, कोणाचे म्हणून!"

तिने मान डोलावली आणि विम्याचा कागद पुढे सरकवला. तिच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून मी न वाचताच सही ठोकली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. फोन वाजला की आधी मीच धावत जाऊन उचलायचो! मी म्हणून बघितलं, "जाऊ दे गं. एका दिव्यासाठी कुठे एवढं?"

"वा! तुम्हीच म्हणालात ना, पै न् पै?"

मग एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "त्या जेवणाच्या कंपनीशी बोलले मी. पत्ता सोडून मागच्या गल्लीत का गेलात, असं त्या बाईंना विचारतायत. कारण पटलं नाही तर कामावरून काढणार म्हणे."

आतापर्यंत फक्त माझी अब्रू टांगणीला लागली होती, आता त्या बाईंची नोकरीही टांगणीला! बोलावं तर घरात आग, न बोलावं तर त्या बिचारीच्या पोटावर पाय. उकडलेला दुधी कधी नव्हे तो मी दोनदा वाढून घेतला.

अखेर विम्याचे साहेब पाहणीला आले. गल्लीत मी, बायको, टेप घेतलेले साहेब आणि हेल्मेट काखेत धरलेल्या त्या बाई.

"बाई, तुम्हाला इथे कोणी बोलावलं?" साहेबांनी विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. माझी पाचावर धारण बसली!

"ग्राहकाने बोलावलं, साहेब. नाव नाही सांगणार. बाहेर सांगायचं नाही असा नियम आहे आमचा. पण माणूस फार घाबरलेला होता हो. फोनवर कुजबुजत होता. घरी काहीतरी मोठी अडचण असणार बिचाऱ्याच्या."

"अरेरे," बायको म्हणाली.

"मग तुमच्या बाजूने बोलणारं कोणीच नाही?" साहेबांनी बाईंना विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या आणि हेल्मेटचा पट्टा चाचपत खाली बघत राहिल्या.

मला ते बघवेना.

"मी! मीच तो कुजबुजणारा!" मी ओरडलो. "बर्गर माझा! रिव्हर्स माझा! काकांना बघून मी घाबरलो! या बाईंचा काही दोष नाही!"

वरच्या दोन खिडक्या उघडल्या. साहेबांनी टेप गुंडाळली. मी भीत भीत बायकोकडे बघितलं, तर ती शांतपणे पर्समधून फोन काढत होती. तिने तो माझ्यासमोर धरला. 'क्षमस्व! अपघातामुळे आपला डबल चीज बर्गर पोचू शकला नाही. पैसे परत केले आहेत.'

"अ‍ॅपला नंबर माझा आहे," ती म्हणाली. "तुम्ही जिना चढत होतात तेव्हाच आला हा मेसेज."

"मग आकृती? दावा?"

"दावा आपल्या गाडीचा नाहीच. यांच्या स्कूटरचा आहे, आपल्या विम्यातून. तुम्ही सही केलीत की!"

"चूक कोणाची ते चालकाच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं," साहेब म्हणाले. "ऐकलं."

"अगं, पण तेव्हाच का नाही बोललीस?"

"वर्गात कोणी कॉपी करताना दिसला तर मी लगेच उठवत नाही. पेपर पूर्ण लिहू देते." मग ती हळूच म्हणाली, "आज तुम्ही गप्प राहिला असतात ना, तर मीच बोलणार होते. आणि मग तुमच्याशी कधी बोलले असते कोणास ठाऊक. केक सोडला होता हो मी."

खरंच लाज वाटली.

बाईंचं काम टिकलं. स्कूटर दुरुस्त झाली. माझ्या गाडीच्या दिव्याचा खर्च माझ्याच पगारातून गेला. म्हणजे नुकसानभरपाई मी म्हणालो होतो तशी पै न् पै वसूल झाली, फक्त माझ्याकडून!

परवा संध्याकाळी बेल वाजली. दारात त्याच बाई, हातात खोका.

"साहेब, आज पुढच्या दाराने आले," त्या हसून म्हणाल्या. "ताईंनी चॉकलेट केक मागवलाय. एकाच माणसापुरता."

बायकोने तो माझ्यासमोर बसून चवीचवीने संपवला. मी काकडी खाल्ली. काकडी चांगली असते हो, मीठ लावलं की!