फ्रीडाचे कच्चे शब्द

ब्रॉडवेवरच्या आमच्या इमारतीत माझ्याइतक्या झटपट गाणी पाडणारा दुसरा कोणी नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. चाल द्या, सँडविच संपायच्या आत शब्द तयार! चाल द्यायचा माझा जोडीदार मेंडेल लिप्स्की. आमच्या खोलीत एक पियानो आणि दोन खुर्च्या. पाय पसरायचे तर आळीपाळीने.

त्या हिवाळ्यात मेंडेलची बायको फ्रीडा गेली. आम्हा यहुद्यांत बायकोचं सुतक महिनाभर, आणि तोवर संगीत वर्ज्य. महिना सरला तसा मेंडेल आला, कोटही न काढता पियानोवर बसला आणि त्याने अशी चाल वाजवली की माझ्या अंगावर काटाच आला. चालीत नेहमीसारखे कच्चे शब्द होते. खरे शब्द येईपर्यंत जागा भरायला आम्ही काहीही घालायचो. एकदा तर लिफ्टबद्दलची तक्रार गायलो होतो.

या वेळी तो गात होता, "जेवलास का? खिडकी लाव, वारा सुटलाय. किती रे उशीर केलास."

"हे काय?"

"फ्रीडा रोज म्हणायची. दुसरं काही सुचेना. तू बदल."

"चंद्र घालतो," म्हणत मी सँडविच आणायला खाली उतरलो.

खाली सँडविचमध्ये मोहरीची चटणी कमी घातली म्हणून मी दुकानदाराशी भांडत होतो. वर आमच्या गाण्यांच्या कंपनीचे मालक क्रास्नर भिंतीपलीकडून चाल ऐकून आत घुसले आणि मेंडेलला, शिवाय आर्लीन नावाच्या गायिकेला, धरून रेकॉर्डिंगला घेऊन गेले. मी चंद्र लिहून परतलो आणि त्यांना शोधत रेकॉर्डिंगच्या खोलीत पोचलो, तर आर्लीन कच्चे शब्दच गाऊन मोकळी झालेली आणि क्रास्नर रुमालात नाक शिंकरत होते.

"काय लिहिलंयस रे! वाट पाहणारी बाई डोळ्यांपुढे उभी राहते."

"साहेब, ते कच्चं आहे. खरं गाणं माझ्या खिशात आहे."

"तिथेच राहू दे."

मेंडेल पांढरा पडला. "हे विकायचं नाही. माझ्या घरातलं बोलणं आहे ते."

मग आर्लीनने माझा चंद्र गाऊन पाहिला. मधेच तिला जांभई आली. शेवटी मेंडेल म्हणाला, "पहिलंच राहू दे. घरी आता मला कोणी विचारत नाही. निदान रेडिओ तरी विचारेल."

तबकडीवर शब्दांसाठी नाव माझं छापलं, तेही मेंडेलच्याच हट्टाने. गाणं सुटलं ते सुटलंच! लग्नात तेच, न्हाव्याकडे तेच. बाईच्या मनातलं तुम्हाला कसं कळतं, असं बायका मला रस्त्यात थांबवून विचारायच्या.

"घरी कधी कळलं नाही ते," माझी बायको म्हणाली.

पुढच्या हिवाळ्यात मी आणि मेंडेल त्याच दुकानात उभे होतो. रेडिओवर आर्लीनने विचारलं, "जेवलास का?"

"नाही गं अजून," मेंडेल मोठ्याने म्हणाला.

सगळं दुकान वळून बघायला लागलं. मला हसू यायला हवं होतं, पण मी सँडविच खाली ठेवलं. आर्लीन तोवर खिडकीच्या ओळीवर पोचली होती.

"फ्रीडा उत्तराशिवाय सोडायची नाही," मेंडेल मला म्हणाला, आणि रेडिओकडे बघत उभा राहिला.

मग साबणाची जाहिरात लागली.